चौदा नंबरचं स्टेशन, दोन नंबरची गाडी

शेजारच्या खोलीतल्या काकांइतका रागीट माणूस अख्ख्या सिंगापूरमध्ये दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एरवी मी काहीच छातीठोकपणे सांगत नाही. सेमिनारमध्ये माझं नाव पुकारलं तरी मी आधी मागे वळून पाहतो. पण याबाबत माझी खात्री आहे. या शहरात माणसं रागावत नाहीत, फार तर खालच्या आवाजात तक्रार करतात. त्या सगळ्यांच्या वाटणीचा राग काकांनी एकट्याने अंगावर घेतला होता आणि तो सगळाच्या सगळा अँब्युलन्सवरून निघायचा. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्या टॅक्सीवर ते चिडायचे. वाट देण्याच्या नादात रस्त्याच्या मधोमध गोंधळून उभ्या राहणाऱ्या टॅक्सीवरही चिडायचे. बोट कापलं म्हणून अँब्युलन्स बोलावणाऱ्यांना तर ते माणसातच धरत नसत. आणि छातीत कळ येत असताना "उगाच कशाला त्रास" म्हणून न बोलावणारे भेटले, की त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा.

आमची ओळख इथल्या मराठी मंडळाने ठेवलेल्या जयंतीच्या कार्यक्रमात झाली. मी हिंगोलीहून पीएचडीला नुकताच आलो होतो. वडील मार्केट यार्डात हमाली करतात आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे परदेशात राहायचं कसं हे विचारायलाही घरी कुणी नव्हतं. मी एका खोलीत सहाजणांबरोबर राहतो आणि रोज दीड तास प्रवास करतो, हे कळल्यावर काका भर कार्यक्रमात माझ्यावर ओरडले, "अबे, मग शिकतो केव्हा?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला क्लेमेंटीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये शेजारची रिकामी खोली मिळवून दिली. मालकीण एक चिनी आंटी. काकू नागपूरला शाळेत शिकवतात, त्यामुळे काका एकटेच होते. माझ्यावर इतके उपकार इतक्या रागाने कुणीच केले नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक अँब्युलन्स जाताना दिसली. काहीतरी बोलावं म्हणून मी तिच्या अंगावरचा आकडा वाचला, "एकशे बेचाळीस." काकांनी लाटणं खाली ठेवलं. "एकशे बेचाळीस म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नंबर आहे. मग तासभर माझी शिकवणी झाली आणि तव्यावरची पोळी जळून गेली. आकडा वाचायचा नसतो, फोडायचा असतो. पहिले दोन अंक फायर स्टेशनचे, कारण इथं अँब्युलन्सही तिथंच उभ्या असतात, आणि शेवटचा गाडीचा. "चौदा, दोन. चौदा नंबरचं स्टेशन, दोन नंबरची गाडी. तू बेचाळीस म्हणतोस तेव्हा माझं स्टेशन जातं कुठं?" ते म्हणाले. आपल्या मराठीत आकडे उलटे बोलतात, चाळीसच्या आधी दोन येतात आणि स्टेशन पोटात गडप होतं, याचा त्यांना मनस्वी राग होता. हा राग नेमका कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं, म्हणून त्या दिवशी तो माझ्यावर निघाला.

कुठली गाडी कुठल्या स्टेशनची, नवीन कुठली आली, कुठली बऱ्याच दिवसांत दिसली नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. चौदा-दोन त्यांना घरच्यासारखी. तिच्या जागी दुसऱ्या भागातली गाडी आपल्या भागात आली, की ते अस्वस्थ व्हायचे. "आपली कुठं गेली?" असं म्हणत खिडकीशी उभे राहायचे आणि आपली परत दिसेपर्यंत जेवायला बसायचे नाहीत.

अशा छंदवाल्यांचं खरं सुख म्हणे वायरलेस ऐकण्यात असतं. कंट्रोल रूम काय सांगते आणि गाडी काय उत्तर देते, ते लहानशा रेडिओवर पकडायचं. पण इथली वायरलेस बाहेरच्याला ऐकू येत नाही आणि ऐकायला जाणं कायद्यात बसत नाही. याबद्दल मी एकदा हळहळलो, तर काका उखडले. "लोकांच्या घरातलं दुखणं असतं ते. तुला कशाला ऐकायचं बे?" स्वतः मात्र कणीक मळता मळता गाडी दिसली, की दोन्ही बाजूंचं बोलणं स्वतःच बोलायचे. कंट्रोल रूमचा आवाज थंड आणि सपाट, गाडीचा धाप लागलेला, इंग्रजी मात्र दोघांचंही नागपुरी. कंट्रोलने चुकीचा रस्ता सांगितला की गाडी कंट्रोलवर भडकायची. एकदा हे भांडण इतकं पेटलं, की आंटी दारात येऊन इथल्या 'लाह'च्या ठेक्यात म्हणाली, "अंकल, हू यू फायटिंग विथ? नोबडी देअर, लाह."

लोकांना वाटायचं, या वेडामागे काहीतरी दुःखद कथा असणार. मंडळाच्या जेवणात एका वहिनींनी डोळे ओले करून विचारलंच, "भाऊजी, घरात कुणाला वेळेवर अँब्युलन्स मिळाली नव्हती का हो?" काकांचा हात वाटीवरच थांबला. "वहिनी, माझ्या घरात सगळे ठणठणीत आहेत. मला आवडतं म्हणून मी बघतो. माणसाला काही आवडण्यासाठी आधी कुणी मरायलाच पाहिजे काय?" वहिनी पुढच्या पानाकडे वळल्या. मला हसू आलं होतं, पण वाक्य डोक्यात राहिलं. आमच्या घरी प्रत्येक गोष्टीला "याचा उपयोग काय" हा पहिला प्रश्न असतो. निव्वळ आवडतं म्हणून काही करणारा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग त्यांच्या कंपनीने त्यांचा अख्खा विभाग बंद केला. इथं राहण्याचा पास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की महिनाभराची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी धरायची, नाहीतर सामान बांधायचं. आणि पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनीअरला कोण घेणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्या दिवसांत राग मला यायला लागला. त्या कंपनीचा आला. मंडळातल्या एकाने "चला, आता तरी अँब्युलन्सचं खूळ सुटेल" असं म्हटलं, त्याचा आला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त काकांचाच आला. मी रात्रंदिवस त्यांच्यासाठी नोकऱ्यांच्या जाहिराती शोधत होतो, त्यांचे अर्ज भरत होतो, आणि ते माझ्या लॅपटॉपवरून मान वर करून खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "चौदा-एकचा मागचा दिवा गेलाय बघ."

शेवटच्या आठवड्यात आणखी एक मुलाखत आली. ती नोकरी मिळाली तर ते राहणार, नाहीतर जाणार. मी त्यांच्या शर्टला इस्त्री केली आणि बसचा नंबर दोनदा सांगितला. आमच्याकडे मुलाखत म्हणजे काय असतं ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीला वडील मला आदल्या दिवशीच घेऊन गेले होते आणि रात्री आम्ही बसस्टँडवर झोपलो होतो, कारण सकाळची बस चुकली असती तर?

दुपारी मी लॅबमधून लवकर परतलो. काका सोफ्यावर बसले होते, चेहरा उजळलेला. मला वाटलं, झालं काम. ते सांगायला लागले. बसमधून जाताना समोरून चांगीकडच्या स्टेशनची गाडी गेली. चांगी कुठे, क्लेमेंटी कुठे. शहराच्या त्या टोकाची गाडी या टोकाला कशी? ते उतरले, उलट दिशेची बस पकडली, सिग्नलला तिला गाठलं, ती पुन्हा निसटली तेव्हा चालत शोधलं. "आणि काय निघालं माहीत आहे? दुरुस्तीला आली होती. वर्कशॉपमध्ये. आत पेशंटबिशंट कुणी नाही." कोडं सुटल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

मी मोठ्या माणसांशी आवाज चढवून कधी बोललो नाही. त्या दिवशी बोललो. मी म्हणालो, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. माझा बाप एका मुलाखतीसाठी रात्रभर बसस्टँडवर झोपला आणि तुम्ही एका रिकाम्या, नादुरुस्त गाडीमागे मुलाखत सोडून पळालात. काकू तिकडे काळजीत आहेत. मी इथं अर्ज भरतोय. तुम्हाला राहायचंच नाही तर तसं सांगा. आणखीही बरंच बोललो. आंटीने आपल्या खोलीचं दार हळूच लावून घेतलं.

मला वाटलं, आता काका कडाडतील. पण ते शांत राहिले, आणि त्यांना शांत बघणंच मला कठीण गेलं.

"याआधी तीन ठिकाणी मी अर्धा तास आधी पोचलो होतो," ते म्हणाले. "इस्त्री तेव्हाही होती. समोर माझ्या पोरीच्या वयाची माणसं. सगळी हसून बोलली. पाणी दिलं, लिफ्टपर्यंत सोडायला आली. एकाने तरी रागावून सांगायचं होतं, की तुम्ही म्हातारे झालात, येऊ नका. कुणी नाही रागावलं. पूर्ण महिन्यात माझ्यावर रागावणारा तू पहिला."

मी विचारलं, वरण लावू का. ते म्हणाले, लाव, डाळ मात्र जास्त घाल, तू पाणीच फार घालतोस. आवाजात थोडी धार परत आली होती, तेवढंच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात ते गेले. विमानतळावर त्यांनी मला थीसिसवरून, चपलांवरून आणि कमी खाण्यावरून रागावून घेतलं आणि मागे न बघता आत गेले.

आता अधूनमधून फोन होतो. परवा ते नागपूरच्या घराच्या गच्चीवर बसून बोलत होते. नोकरी नाही, पण एका कॉलेजात शिकवायचं बघतायत. मी विचारलं, तिकडे गाड्या बघता की नाही? सुरुवातीला आवाज चढला. "काय बघू? सगळ्यांच्या अंगावर एकशेआठ. ही एकशेआठ, ती एकशेआठ, काल गेली ती पण एकशेआठ. अरे, फोन करायचा नंबर आहे तो. गाडीला स्वतःचं काही नाव नको?" मी पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी ते मनापासून चिडले होते आणि मला घरी आल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात फोनमधून सायरन ऐकू आला. आधी लांबून, मग गल्लीच्या तोंडाशी, मग पलीकडे विरत गेलेला. काका बोलायचे थांबले.

"कुठली होती?" मी सवयीने विचारलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ते उठून कठड्याशी गेले असावेत.

"काय माहीत रे," ते हळूच म्हणाले.