बोटं हलत होती

मेहरूणला राहणाऱ्या अक्का जळगावच्या एका दवाखान्यात मलमपट्टी करतात. माझं उजवं पाऊल आज उचलतं ते त्यांच्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना राग येतो, आणि रागात माणूस उपकार विसरतो.

नववीत शाळा सुटली. धुळ्याच्या साक्रीकडून दोन एसट्या बदलून रावेरला केळीच्या टोळीत आलो. एक जण घड कापतो, दुसरा खाली खांदा देतो. मी खांदा देणारा. त्या दुपारी घड निसटला, केळी फुटली.

कापणारा म्हणाला, "धुळ्याकडे काकड्याच उचलता का रे?"

मी त्याला ढकललं. त्यानं हातातला विळा तसाच फिरवला. माझ्या उजव्या घोट्याच्या वर, अगदी समोर, मांस उघडं पडलं. पडल्या पडल्या मी घडाचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा दात माझ्या शर्टावर येऊन पडला. मग बाकीच्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

बागेत जखम झाली की केळीच्या खांबाचा चीक पिळायचा आणि त्याच खांबाच्या सोपटानं, म्हणजे सालपटानं, बांधायचं. तसंच केलं. आमच्याच भागातले मुकादम नाना वाकले. "बोटं हालाव." मी पायाची बोटं हलवली. "बोटं हालतस ना? मंग बठ्ठं ठीक शे." म्हणजे सगळं ठीक आहे.

रावेरच्या दवाखान्यात नुसते कातडीला टाके पडले. पण चालताना पाऊल फटकन खाली आपटायचं. चपलेचं टोक मातीत अडकून तीनदा तोंडावर पडलो. नाना म्हणायचे, सूज आहे, उतरेल. केळीचा ट्रक जळगावला निघाला होता, त्यातच बसून टाके काढायला गेलो.

अक्कांनी मला दारातून आत येताना पाहिलं. म्हणाल्या, "भाऊ, बोटं खाली दुमडून ठेवा. आता नुसतं पाऊल वर घ्या."

आलंच नाही.

"बोटांच्या दोऱ्या वेगळ्या असतात," त्या म्हणाल्या. "पाऊल उचलणारा स्नायू नडगीला लागून असतो. त्याची दोरी घोट्यासमोरून पायाच्या आतल्या कडेला जाते. तुमची ती तुटलीय. मागची पोटरी शाबूत आहे, ती पाऊल खाली खेचतेय. वरचं टोक आखडत गेलं तर मग जुळणार नाही." आणि डॉक्टरांना ओढतच घेऊन आल्या.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखाली बधिर होतो, पण कळत सगळं होतं. वर पळालेलं टोक डॉक्टर चिमट्यानं खाली ओढत होते, माझा अख्खा पाय टेबलावर हिसके खात होता. मग दीड महिना प्लास्टर. ते निघाल्यावर अक्का रोज पाऊल दोन्ही हातांनी खाली दाबायच्या, मी वर रेटायचं. मी शिव्या द्यायचो.

"एवढ्याच? पहूरला माझी सासू याहून चांगल्या देते. रेटा."

आता पुन्हा खांदा देतो. पण टोक अडकेल ही धास्ती जात नाही, प्रत्येक पावलाला खाली बघतो. अक्कांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. एक दिवस रावेरचा भरलेला घड खांद्यावर घेऊन, एकदाही खाली न बघता, त्यांच्या दारापर्यंत चढून जाईन.