कार्डावरचं लाल

शरणप्पा गेल्याचं मला कळलं ते मोबाईलवर, आणि कळवलं कोणी, तर आमच्या दिग्दर्शक महाशयांनी. "आमच्या सिनेमाचा डोळा मिटला." खाली हात जोडलेले, आणि शरणप्पाचा फोटो... पिवळाधमक केलेला! मेल्यावर माणसाला कावीळ झाली. डोळा म्हणे! तो डोळा उघडा होता तेव्हा याच गृहस्थानं त्याला सेटवरून हाकललं होतं.

मंठाळचा शरणप्पा आणि अफजलपूरचा मी, कितीतरी वर्षं शूटिंगला बरोबर. कॅमेऱ्यातून चित्र येतं ते फिकट, धुवून काढल्यासारखं. शूटिंग चालू असतानाच त्याचे रंग जुळवून मॉनिटरवर दाखवायचे, हे त्याचं काम. लाइव्ह ग्रेडिंग म्हणतात त्याला. तो काळ्या कापडाच्या तंबूत बसायचा, केबली जोडायचं माझ्याकडं. सकाळी आधी रंग तपासायला कॅमेऱ्यासमोर एक करडं कार्ड धरायचं. सगळेच धरतात, पण शरणप्पाच्या कार्डावर कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका असायचा, त्याच्या बायकोच्या करंड्यातला. ते लाल मॉनिटरवर तसंच लाल दिसेपर्यंत हा बाबा चहाला शिवायचा नाही. "कुंकू बरोबर आलं की माणसं बरोबर येतात बघ," म्हणायचा.

खजुरीला शूटिंग लागलं. काळं रान, तूर फुलावर आलेली. पण आमचे दिग्दर्शक साहेब पुण्याहून ठरवूनच आले होते की सीमाभाग म्हणजे पिवळा धुरळा. त्यांनी सांगितलं तसं शरणप्पानं पिवळं केलं, त्यात लाल पार काळवंडलं. तेवढ्यात गर्दीसाठी बसवलेल्या बायांपैकी एक तंबूत डोकावली आणि ओरडलीच, "अगं बाई, कुंकू काळं दिसायलंय! सवाष्णीचं कुंकू काळं कामून करायलास रे?" सगळ्या उठल्या. साहेब हसले. "तुमच्याकडं कोण बघणार आहे? लोक हिरॉईनला बघतील." शरणप्पानं रंग पुन्हा जागेवर आणला. "हे माझ्या हातून व्हायचं न्हाई." साहेबांनी त्याला चालतं व्हायला सांगितलं आणि माझ्याकडं वळले, "तू बस."

मी बसलो. कुणाला वाटेल, भांडलो असेन... न्हाई. थुंकायचंच तर आधी आरशावर थुंकावं. बायांची समजूत घालून दिवसभर त्यांचं कुंकू काळं केलं. शरणप्पाचं कार्ड तिथंच राहिलं होतं, ते पिशवीत कोंबलं. पुढं साहेबांनी "अडेलतट्टू आहे" म्हणून त्याचं नाव असं पसरवलं की त्याला कुणी कामाला बोलावलं नाही. मला मात्र तो फोन करायचा. "जेवलास का?" एवढंच विचारायचा. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात कार्ड परत करायला मंठाळला गेलो. दारात अक्का, त्याची बायको. कपाळावर विभूती, खाली ठसठशीत लाल कुंकू. माझी नजर अडखळली ती तिला कळली.

"शेजारणी म्हणायल्यात, पूस. परक्या बायांच्या कुंकवापायी ज्यानं आपल्या पोटावर पाय दिला, त्याच्या बायकोनं कामून पुसावं?"

मी कार्ड पुढं केलं. ठिपका कधीच उडून गेला होता. अक्कानं कपाळाला बोट लावून नवा ठिपका टेकवला आणि कार्ड माझ्याच हातात दिलं. "उद्या कामावर जायलात न्हवं, भाऊजी?"

काम कुणाकडं, हे मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

आत्ता त्याच साहेबांच्या नव्या सिनेमाच्या तंबूत बसून हे लिहितोय. कार्ड कॅमेऱ्यासमोर लावलंय. साहेब बाहेरून हाका मारायलेत, "अरे, झालं का?" मारू देत. लाल अजून आलेलं नाही, आणि चहा गार झालाय.