वायपर कुठे झोपतात

आमचा ट्रक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मार्केट यार्डातला कांदा वाहण्यात त्याचा जन्म गेला. गेल्या वर्षी आरटीओत त्याच्या पासिंगची तारीख आली आणि नेमकं त्याच आठवड्यात बाबा ट्रकच्या फाळक्यावरून पडले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. "या वेळी नापास झाला तर सरळ भंगारात घालतो," असं ते दिवसभर म्हणत होते, पण म्हणताना डावा हात ट्रकवरून फिरत होता. ट्रक गेला तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

रंगकामासाठी पेंटरने वायपरचे दोन्ही दांडे काढून ठेवले होते. काचेवरच्या पट्टीवर नवं 'जय भीम' झकास काढलं, पण वायपर बसवायला पठ्ठ्या परत फिरकलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पासिंग. म्हटलं, त्यात काय एवढं, दोन नट तर आवळायचेत! मी कोथरूडला एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. आमच्यासारख्यांना दुसऱ्याचं काम नेहमीच सोपं वाटतं.

बिबवेवाडीतल्या आमच्या घरासमोर, टळटळीत उन्हं उतरल्यावर मी कामाला लागलो. काचेखालच्या दातेरी खुंट्यांवर दांडे बसवले, नट आवळले. बाबांनी केबिनमधून डाव्या हाताने बटण दाबलं. एक वायपर काच सोडून बाहेर गेला आणि ताज्या रंगावर हा भला मोठा ओरखडा काढून परत आला. पुन्हा काढले, पुन्हा बसवले. या वेळी दोघे एकमेकांत अडकले. मी ते परत उपसून काढले.

"अरे, खुंटीचे दाते झिजतील!" बाबा कडाडले. "मग खुंटी नुसतीच गरगरत बसेल!"

"मग तुम्हीच बसवा ना!" मीही तापलो होतो. त्यांच्या प्लॅस्टरकडे लक्ष गेलं आणि जीभ चावली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अगं ए, ठेव तिथे नि जा," बाबा म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडी तिचं नाव 'अगं ए'च.

"आधी नुसतंच चालू करून बघा की," आई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय कळणार? मी आपली रोज काच पुसते."

ते मात्र खरं होतं. रोज सकाळी बंपरवर उभी राहून ती काच पुसायची. तिकडे आम्ही कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. "बटण बंद केलं तरी वायपर लगेच थांबत नाहीत. खाली येऊन आडवे होतात, मगच थांबतात. आता दांडे नाहीत, पण खुंटी तर फिरत असेल ना? तिला तिच्या जागी जाऊन झोपू दे. मग दांडा बसव."

मी पाना हातात धरून खुळ्यासारखा बघत राहिलो. तिने काचेवर हाः करून वाफ सोडली, पदराने पुसली. तिरप्या उन्हात काचेवर दोन बारीक कमानी उमटल्या. वायपरांनी वर्षानुवर्षं घासून काढलेल्या. तिने एकीच्या खालच्या टोकाला बोट लावलं. "हा इथे झोपतो. आणि तो तिकडे, कोपऱ्यापासून दोन बोटं सोडून." या ट्रकने खाल्लेला सगळा पाऊस त्या काचेवर होता आणि तो वाचता येणारी आमच्या घरात ही एकटीच होती. शपथ सांगतो, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. चहा तसाच गार होत होता.

बाबांनी मुकाट्याने बटण दाबलं, बंद केलं. मोटर घुरघुरली आणि टक् करून थांबली. मी आईच्या बोटाच्या खुणेवर दांडे बसवले, काचेवर बादलीभर पाणी मारलं. वायपर त्या कमानींवरून गेले आणि आले, सूतभरही इकडेतिकडे नाही! काचेआडून बाबा आईकडे बघत होते. असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी बाबांना शेजारी बसवून मीच ट्रक चालवत नेला. आरटीओच्या साहेबांनी वायपर चालू करायला सांगितले, दोन फेऱ्या बघितल्या, मान हलवली. सगळं तपासून झालं आणि ट्रक पास झाला. बाबांनी लगेच घरी फोन लावला. डाव्या हाताने नीट धरता येईना म्हणून स्पीकरवर. घसा खाकरून म्हणाले,

"अहो, ऐकलंत का? पास झाला आपला ट्रक."

पलीकडून आई म्हणाली, "कोण बोलतंय?"