रॅमचा भाव आणि माझा दांडगा अनुभव

कॉम्प्युटर अख्खा न आणता सुटा सुटा आणून जोडतात, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. कळलं नसतं तरी माझं काही अडलं नव्हतं.

आमच्या सईची दहावी झाली. अकरावीचे क्लास सुरू होईपर्यंत मैत्रिणींबरोबर मनसोक्त गेम खेळायचे, म्हणून तिला कॉम्प्युटर हवा होता. बजेट हिने ठरवलं. (आमच्या घरात अर्थखातं बायकोकडे आहे. माझ्याकडे पिशव्या उचलायचं खातं आहे.)

एम. जी. रोडवरच्या दुकानात सईने भराभर सगळं निवडलं. गाडी अडली ती रॅमपाशी. बोटभर हिरवी पट्टी, आणि भाव ऐकून मला घाम फुटला.

"काका, रोज वाढतायत भाव. आजच घेऊन टाका," दुकानदार म्हणाला.

आता मी पडलो लासलगावचा कांदा व्यापारी. हयात लिलावात गेली. 'आजच घ्या' म्हणणाऱ्याकडून मी कधीही त्याच दिवशी घेतलेलं नाही.

"थांबायचं," मी सईला बाहेर आणून सांगितलं. "ही खोटी तेजी आहे. आवक वाढली की भाव धाडकन खाली येतो."

"बाबा, रॅम शेतात पिकत नाही."

"कुठेतरी पिकतच असेल ना!"

आठवड्याने भाव आणखी चढला. बजेट तेवढंच, म्हणून सईने कॉम्प्युटरचं काचेचं खोकं सोडून साधं पत्र्याचं धरलं. मी म्हटलं, थांबायचं. भाव पुन्हा चढला. मग तिने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे ज्याच्या जोरावर गेम चालतात तो भाग, एक पायरी खालचं निवडलं. मी थांबलेलोच होतो. शेवटी दुकानदाराचाच फोन आला. "काका, थोडेच पीस उरलेत. ताईसाठी एक बाजूला ठेवू का?"

मी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने म्हणालो, "बघा! विकणारा स्वतः फोन करतोय. म्हणजे माल तुंबलाय. आता पडतोच भाव."

"त्यांनी चांगुलपणाने केला असेल," सई म्हणाली.

चांगुलपणा ही शक्यता आम्ही व्यापारी हिशेबात धरत नाही.

त्या दुकानातली रॅम संपली. सुट्टीही निम्मी सरली. सईने हट्ट केला नाही, ती रडली नाही. नुसती गॅलरीत जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलेल्या माणसाने बाजारात जाऊ नये हे ठाऊक असूनही मी गेलो. दुसरीकडे रॅम मिळाली, दुकानदार म्हणेल त्या भावाने. घासाघीस करायची ताकदच उरली नव्हती. ग्राफिक्स कार्डाचे पैसे त्या हिरव्या पट्टीत गेले. कॉम्प्युटर जोडला, सुरू झाला, आणि त्यावर पत्ते फार छान खेळता येऊ लागले.

संध्याकाळी बायकोने सहज विचारलं, "अहो, गावी साठवणीच्या चाळीत आपला कांदा पडलाय. विकायचा का?"

"छे! भाव चढणार आहे. थांबायचं."

"नक्की थांबायचं म्हणता?"

"नक्की."

तिने तिथेच माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. "भाऊजी, उद्याच सगळा कांदा बाजारात घाला. हो, सगळा. हे थांबा म्हणतायत."

"मंग आत्ताच ट्रॅक्टर भरतो, वहिनी," पलीकडून तो म्हणाला. सख्खा भाऊ माझा!

कांदा विकला गेला आणि लगोलग भाव कोसळला. त्या पैशातून ग्राफिक्स कार्ड आलं. क्लास सुरू होईपर्यंत सई जेवणसुद्धा विसरून खेळली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेव्हापासून घरात माझ्या मताला भलताच मान आहे. माझा सल्ला विचारल्याशिवाय काही होत नाही, आणि सल्ल्याप्रमाणे तर काहीच होत नाही. परवा सईने विचारलं, "बाबा, मोठा मॉनिटर आत्ता घेऊ की थांबू?"

मलाही आता अक्कल आली होती. थांबावं असं मनापासून वाटत होतं, म्हणून मुद्दाम उलट सांगितलं, "थांबू नकोस. आत्ताच घे."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि थांबायचं ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात मॉनिटर महागला.