हळू म्हणाले, हाळु ऐकलं

वाट बघणं हेच ज्या नोकरीतलं मुख्य काम, ती नोकरी माझ्यासारख्या बाईने धरावी, हा विनोदच म्हणायचा. मला एका जागी बसवत नाही. लहानपणी अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवाने खाली पाठवलंय." आणि मी जाऊन पडले कुठे, तर लस बनवणाऱ्या संस्थेत, बाटलीत विषाणू वाढतोय का ते बघत.

सत्तावन्नच्या फ्लूने आमच्या अख्ख्या गल्लीला अंथरुणात घातलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी मी कामाला लागले. संस्था शहराबाहेर, येलहंक्याच्या वाटेवर. तिथे फ्लूचा विषाणू वाढवायचे कोंबडीच्या अंड्यांत. अंडी मिळायची मारामार, मिळाली तर उन्हाळ्यात नासायची. म्हणून एका खोलीत वेगळा प्रयत्न चालला होता: माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवायच्या आणि त्यांच्यात विषाणू सोडायचा. ती खोली माझी. माकडं यायची देवनहळ्ळीकडून. आई दर शनिवारी मारुतीला तेल घालायची, त्यामुळे घरी मी नुसतं 'पेशी' म्हणायची, कोणाच्या ते सांगायची नाही.

पेशी छान वाढायच्या. बाटलीच्या तळाला दुधावरच्या सायीसारखा पातळ थर धरायचा. पण विषाणू काही वाढेना. मोजायची रीत सोपी होती. बाटलीतलं पाणी पातळ, आणखी पातळ करत खळग्यांच्या ताटात ओतायचं आणि प्रत्येक खळग्यात कोंबडीचं रक्त सोडायचं. विषाणू असेल तर रक्त पसरून राहतं, नसेल तर तळाशी लाल टिकली बसते. अंड्यांवर काम करणाऱ्या अंडीवाल्यांच्या ताटात टिकली दिसायला शेवटपर्यंत जावं लागायचं. माझ्या ताटात सुरुवातीलाच टिकल्या! हळदीकुंकवाला बसल्यासारखं ते ताट बघून मला भयंकर राग यायचा.

मोठे साहेब मैसूरकडचे, बोलायला मऊ, पण शब्दाला पक्के. ते म्हणाले, "या खेपेला अंड्यांच्या निम्म्याने तरी विषाणू द्या. नाहीतर खोली अंडीवाल्यांना देतो." माझी नेमणूक तेवढ्या खोलीपुरतीच होती. खोली गेली की मीही घरी. आणि ते काम मला जीव की प्राण झालं होतं, हे कबूल करायला मला तेव्हाही लाज वाटली नाही.

त्या खेपेला मदतीला एक नवीन बाई आल्या होत्या, कोलारकडच्या, माझ्याहून मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणायची. आमचं बोलणं कन्नडमध्ये. आम्ही मराठी माणसं इथे कानडी मुलखात किती पिढ्यांची, पण मराठी घरात, देवापुढे आणि भीती वाटली की.

तर झालं असं. बाटल्यांतलं जुनं पोषणपाणी काढून नवं घालायचं होतं. त्यात वासराच्या रक्तातलं सीरम असतं, त्यावर पेशी पोसतात. अक्कांनी बाटली तिरकी केली ती एकदम. धार जोरात पडली की पेशींचा थर उचकटून येतो.  तोंडाला फडकं बांधलेलं, हातात बर्फातली विषाणूची नळी, आणि तोंडातून निघालं ते मराठीत: "हळू! हळू!"

मी नळी ठेवायला पलीकडच्या खोलीत गेले, तिथे जरा वेळ लागला. परत येते तो काय, अक्कांनी सगळ्या बाटल्या रिकाम्या करून, मिठाच्या पाण्याने दोन-दोनदा विसळून, ओळीने मांडलेल्या. नवं पोषणपाणीही मोरीत!

"अक्का! हे काय करून ठेवलंत?"

त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "नीवे हाळु अंद्रल्ला!"

तुम्हीच म्हणालात ना, हाळु. कन्नडमध्ये हाळु म्हणजे नासलेलं, बिघडलेलं. मी म्हणाले सावकाश, त्यांनी ऐकलं सगळं नासलंय. नासलेल्या दुधाचं भांडं आपण जसं विसळतो, तशा त्यांनी बाटल्या विसळल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायचं कोणावर? माझ्याच मायबोलीवर?

पेशींचा थर तेवढा तळाला चिकटून राहिला होता, पण सीरम संपलं होतं. नवं यायला आठवडा लागणार. हताश होऊन मी बिनसीरमच्या, नुसत्या क्षारांच्या पाण्यातच विषाणू सोडला आणि बाटल्या उबेच्या कपाटात ठेवल्या.

पुढचे दोन दिवस माझं मलाच माहीत. कपाट उघडायचं नाही, ऊब जाते. मी त्याच्या काचेला नाक लावून उभी. मग व्हरांड्यात येरझाऱ्या. मग परत काच. घरी जेवताना भाकरीचे तुकडे करून ठेवले आणि न खाताच उठले. अण्णा म्हणाले, "स्वल्प बस की गं! भिंती घाबरल्या तुला." मला हसूही येईना.

तिसऱ्या दिवशी ताट मांडलं. पहिला खळगा पसरलेला. दुसरा, तिसरा, चौथा पसरलेला. मला वाटलं रक्तच खराब असणार. ताजं रक्त आणून पुन्हा मांडलं. तेच! टिकली यायला जवळपास अंड्यांच्या ताटाइतकंच पुढे जावं लागलं. मी अक्कांचे खांदे धरून त्यांना गरागरा फिरवलं. त्या म्हणत होत्या, "अय्यो, बिडी अम्मा, सोडा!"

मग डोक्यात उजेड पडला. जे सीरम पेशींना पोसत होतं, तेच विषाणूला त्यांच्याजवळ फिरकू देत नव्हतं. आता मुद्दाम विसळून पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. दरवेळी ताट भरून रक्त पसरलं.

मी मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं, अक्कांच्या 'हाळु'सकट. ते पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "खोली राहील. आता काम वाढणार, तेव्हा मद्रासहून एक अनुभवी गृहस्थ बोलावतो. त्यांना सगळं नीट शिकवा आणि तुम्ही मोकळ्या व्हा."

"मोकळ्या म्हणजे?"

"अहो, तुम्ही वर्षभरात लग्न करून जाणार. ही जागा टिकणाऱ्या माणसाची आहे."

मी उठून उभी राहिले. "मी लग्न करणार नाही."

तोवर तसं मी काहीच ठरवलं नव्हतं. एक चांगलं स्थळ चालूही होतं, मुलगा मला आवडलाही होता. रागाच्या भरात शब्द गेला आणि तो खरा आहे हे मला बोलल्यावर कळलं. साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. मग राहा."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. आई आत होती, तिला सांगायचा धीर नव्हता.

"एका खोलीसाठी?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"केवढी आहे गं ती?"

"आपल्या न्हाणीघराएवढी."

ते जागचे उठले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढं मोल दिलंस, तर जरा मोठी तरी मागायचीस, पोरी."