अँप्लिफायरचा मखमली झगा

कान इकडे कर गं धाकटे. सख्ख्या बहिणीवर एवढ्यावरून रुसतात होय?

आमच्या विहारातल्या अँप्लिफायरवर धूळ बसू नये म्हणून तू मखमली झगा शिवलास. किती देखणा! पण ते यंत्र तापतं गं. एसीचा वारा सगळा आम्हाला, आणि ते बिचारं बंद कपाटात, वर तुझी मखमल. नातीचं पहिलं भाषण चालू असताना दोनदा आवाज गेला. रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मी परत उभीच राहणार नाही!"

मग एसीवाल्याला बोलावलं. झगा बघून म्हणाला, "मावशी, कानटोपी राहिली की घालायची!" हसून हसून बेजार झाले मी! त्याने कपाटाला खाली जाळी बसवली, गार हवा आत यायला, आणि वर छोटा पंखा, गरम हवा बाहेर ओढायला. माइकमध्ये घरघर येणार नाही असा, अगदी मुका पंखा.

परवा नातीला कसंबसं उभं केलं. अगं, शेवटपर्यंत खणखणीत आवाज! मी तर शिट्टीच मारणार होते!

यंत्र चालू असताना झगा काढून ठेवते, पण टाकला नाही हं. यंत्र निवलं की रोज मीच घालते. फक्त झग्याचं बटण तुटलंय, आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही. कर्वेनगरहून हडपसर काही परदेश नाही, लवकर ये.