पायलटीणबाईंचे मालक

मी रोजानं फवारणी करायचो. निरगुडसर, लोणी आणि आजूबाजूच्या मळ्यांतून वीसेक वर्षं पाठीवर पंप वागवला. पंप काय, कुणाकडेही असतो. मला बोलावत ते वाऱ्यासाठी. बांधावर गेलो की चिमूटभर माती वरून सोडायची, गवताचे तुरे बघायचे, मानेवर झुळूक कुठून लागते त्याचा अंदाज घ्यायचा आणि मगच पंपाला हात लावायचा. मी ‘थांबा’ म्हटलं की रानाचा मालकसुद्धा गुमान थांबायचा. माझी सगळी ऐट त्या थांबण्यात होती.

मग बायकोच्या बचत गटाला ड्रोन मिळाला. चालवायला कोण शिकणार, तर दहावी झालेली म्हणून हीच. ट्रेनिंगला गेली ती गळ्यात ओळखपत्र घालून परत आली. गावानं नारळ देऊन सत्कार केला. त्या फोटोत मीही आहे, अगदी कडेला, बॅटरीचा डबा धरून.

खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. यंत्राचं एवढं नाही. ते आज ना उद्या येणारच होतं. दिवसभराचं माझं काम ड्रोन चहा निवेपर्यंत उरकायचा, आणि माझ्या पंपाला हळूहळू कुणी विचारेना. पण मला झोंबायचं ते हिचं नाव. फोन माझा वाजायचा आणि पलीकडचा म्हणायचा, ताईंना द्या जरा. पारावर चेष्टा सुरू झाली, सरका, पायलटीणबाईंचे मालक आले. मीही हसायचो. घरी येऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडायचो. मीठ बरोबर असायचं.

तिच्यासोबत जायचो, पाणी भरायचो, औषध कालवायचो. एक मात्र होतं. ड्रोन उचलायच्या आधी ती माझ्याकडे बघायची. फोनात वाऱ्याचा वेग दिसत असला तरी विचारायची, आणि मी मान हलवली की मगच पंखे फिरायचे.

त्या दिवशी उसातलं तण मारायचं औषध होतं. बांधाला लागून शेजाऱ्याचा टोमॅटो, नुकता फुलावर आलेला. या औषधाचा नुसता तुषार गेला तरी टोमॅटोचं झाड कोकडतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. उसाच्या मालकानं हिला खुर्ची दिली, हिच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि मला म्हणाला, भाऊ, तेवढा ड्रम उचला. मी ड्रम उचलला. तेवढ्यात मानेवरची झुळूक फिरली, सरळ टोमॅटोकडं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "सोडू का?"

"तुजं मशीन सांगतंय न्हवं? मग मला कशाला इचारतीस?"

तिनं पुन्हा एकदा फोन बघितला आणि ड्रोन सोडला. मी बघत उभा राहिलो. एकदा तोंडावर पडू दे हिला, एवढंच मनात होतं. टोमॅटोचा विचार नंतर आला, तोवर ड्रोन अर्धं रान फिरला होता.

चौथ्या दिवशी टोमॅटोवाला दारात आला. हातात वाकडे झालेले शेंडे. भांडला नाही, ओट्यावर बसून राहिला. बायको पुढं झाली, चूक माझीच म्हणाली, त्याच्यापुढं हात जोडले. तो ऐकत तिचं होता, पण बघत माझ्याकडे होता.

"तुमी व्हता की तितं, भाऊ. तुमाला वारं समजलं न्हाई?"

समजलं होतं म्हणावं, तर घरातच चोर निघतो.

"न्हाई समजलं," मी म्हणालो.

बायकोनं चटकन माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. पण तिच्या नजरेत राग नव्हता. तो गेल्यावर मला पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नका. वयानं हुतं असं."

पुढच्या आठवड्यात लोणीत कांद्यावर फवारणी होती. वारं दिसावं म्हणून तिनं एका लांब बांबूला लाल रिबीन बांधून आणली होती. बांधावर पोचल्यावर बांबू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, जरा धरून उभे राहा. मी उभा राहिलो. वारं कुठलं आहे ते मला केव्हाच कळलं होतं. तिनं विचारलं नाही. ती माझ्या डोक्यावर, रिबिनीकडे बघत होती.